आधी ओझं विचार

अगं, तुझा प्रस्ताव वाचून झाला. विषय तू मनापासून निवडला आहेस हे पहिल्या पानावरच कळतं. अमेरिकेतली कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई, मूळ अमेरिकी, गोरी म्हातारी माणसं, त्यांतल्या बायका, पुरुष, समलिंगी आणि ट्रान्स ज्येष्ठ, ही सगळी आयुष्याचे फटके खाऊन उतारवयात कशी उभी राहतात, हे तुला शोधायचं आहे. इतकी वर्षं याच कामात घालवल्यावर सांगते, करण्याजोगं आहे हे. पण तिसऱ्या पानावरचा तो तक्ता पाहिला आणि माझं मन तिथेच अडकलं. इतके गट, एक प्रश्नावली, प्रत्येक गटाचा सरासरी चिवटपणा आणि शेवटी कोण वर, कोण खाली. गाइडच्या हातात हे कागद देण्याआधी जरा माझं ऐक. पटलं नाही तर भांड माझ्याशी, पण ऐक.

चिवटपणा ओझ्याशिवाय मोजता येत नाही, धाकटे. ज्याच्या वाट्याला वाईट काही आलंच नाही, तो चिवट आहे की नाही हे कळणार कसं? म्हणून आधी ओझं विचार. काय सोसलं, कोणत्या वयात, किती वर्षं. मग आधार विचार. हाताशी कोण होतं, पैसा होता का, देऊळ-चर्च-शेजार होतं का, सरकारनं काही दिलं की नाही. आणि या दोन्हींनंतर जो प्रश्न बहुतेक प्रस्तावांत सापडतच नाही तो विचार: तग धरण्याची किंमत काय पडली आणि ती कोणी भरली? या तिन्हींची उत्तरं हातात नसताना सरासरी गुण काढलेस, तर तू माणसांचं कौतुक केल्यासारखं होईल आणि त्यांच्या हालांना मात्र मोकळं सोडल्यासारखं होईल. मला हे फार लागतं. एखाद्या समाजाला 'किती सोशीक' म्हटलं, की त्यांच्यावर आणखी लादायला लोक मोकळे होतात. बायकांच्या बाबतीत हे आपण घरीच पाहिलं आहे.

आता त्या प्रश्नावलीचं. तू गेल वॅगनिल्ड आणि हेदर यंग यांची रेझिलियन्स स्केल घेतली आहेस. 1993 मध्ये ती प्रसिद्ध झाली, 25 विधानांची. तिचा जन्म कसा झाला हे तुझ्या प्रस्तावात यायला हवं. मोठा आघात पचवून सावरलेल्या 24 वृद्ध अमेरिकन स्त्रियांच्या मुलाखती त्या दोघींनी घेतल्या आणि त्यांच्या बोलण्यातून चिवटपणाचे पाच पैलू वेगळे काढले. मनाचा समतोल, चिकाटी, स्वतःवर भिस्त, जगण्याला अर्थ आहे ही जाणीव, आणि आपली वाट आपल्यालाच चालायची आहे हे स्वीकारणं. काम प्रामाणिक आहे, म्हाताऱ्या बायकांना विचारून सुरुवात केली याचा मला आदरच आहे. पण त्या पाचांतल्या दोन पैलूंकडे नीट बघ, स्वतःवर भिस्त आणि एकट्यानं चालणं. आपल्या थोरल्या आत्याला हे विचार. काकांच्या मागे तिनं तीन मुलं वाढवली, ती दिरांच्या आणि जावांच्या जोरावर. 'मी एकटीनं केलं' असं म्हणणं तिला कृतघ्नपणाचं वाटेल. त्या स्केलवर तिचे गुण कमी येतील. म्हणजे ती चिवट नाही का?

आणि आत्याच कशाला? अलास्कातल्या ब्रिस्टल बे भागातल्या खेड्यांत तिथल्याच मातीतल्या जॉर्डन लुईस यांनी म्हाताऱ्या माणसांना विचारलं, चांगलं म्हातारपण म्हणजे काय. मनाचं स्वास्थ्य, गावातल्या कामांत सहभाग, श्रद्धा आणि शरीराची काळजी, असे चार धागे निघाले. या सगळ्यातून तिथे माणूस 'वडीलधारा' होतो. नुसतं वय वाढलं म्हणून तो मान मिळत नाही. आपल्याला जे माहीत आहे ते नातवंडांना शिकवलं, गावाच्या उपयोगी पडलं, की लोकच ती जागा देतात. आता हे घेऊन 1987 सालच्या रोव आणि कान यांच्या 'सक्सेसफुल एजिंग'च्या मांडणीकडे जा. आजार नसणं, शरीर-बुद्धी ठणठणीत असणं आणि माणसांत-कामांत गुंतलेलं असणं या खुणांवर तिची पुढे उभारणी झाली. त्या खुणांनी संधिवात झालेली, मधुमेह असलेली, पण सगळ्या गावाला आधार वाटणारी आजी नापास होते. तुझ्या अभ्यासात ती नापास होऊ नये एवढंच माझं मागणं आहे.

तू म्हणशील, ताई, स्केल बदलली तर तुलना कशी करू? तुलना करायच्या आधी एक पायरी आहे आणि ती गाळू नकोस. तेच विधान दोन्ही गटांत तेच मोजतं का, हे तपासायची संख्याशास्त्रात रीत आहे, तुला शिकवलीही असेल. ती किती गरजेची आहे याचं एक उदाहरण माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. नैराश्य मोजायची सीईएस-डी नावाची जुनी प्रश्नावली आहे. न्यू हेवनमधल्या वृद्धांची माहिती घेऊन 2000 साली तिची तपासणी झाली. एकूण नैराश्य सारखंच असलेल्या माणसांची तुलना केली तरी 'लोक माझ्याशी नीट वागत नाहीत', 'लोकांना मी आवडत नाही' अशा आशयाच्या प्रश्नांना कृष्णवर्णीय वृद्ध जास्त वेळा होकार देत होते. रडू येण्याच्या प्रश्नाला बायका. विचार कर, ज्या माणसाशी दुकानात, बसमध्ये, बँकेत आयुष्यभर लोक खरोखर नीट वागलेच नाहीत, तो ते सांगतो आहे. ती त्याच्या मनाची व्याधी नाही, त्याच्या शहराची हकिगत आहे. आपण ती नैराश्याच्या खात्यात जमा केली असती. चिवटपणाच्या स्केलमध्येही असं काय काय कुठल्या खात्यात जमा होत असेल, हे आधी बघ.

आता मला ज्यांच्याबद्दल तुला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते जॉन हेन्री मार्टिन. तुझ्या संदर्भांत ते कुठेच नाहीत, म्हणून जरा लांबण लावते.

1970च्या दशकाच्या अखेरीला शर्मन जेम्स नावाचे तरुण कृष्णवर्णीय संशोधक नॉर्थ कॅरोलायनात रक्तदाबावर काम करत होते. तिथे त्यांची गाठ या म्हाताऱ्या शेतकऱ्याशी पडली. 1907 सालचा जन्म, शाळा दुसरीपर्यंत. दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं राबणाऱ्या, कर्जात पिढ्यान्‌पिढ्या अडकलेल्या घरातला माणूस. तो स्वतःच लिहा-वाचायला शिकला, रात्रंदिवस कष्टला, आणि चाळिशीपर्यंत 75 एकर जमिनीचा मालक झाला. त्या काळातल्या दक्षिणेत, कृष्णवर्णीय माणूस. तुझ्या तक्त्यात या माणसाला पैकीच्या पैकी गुण पडले असते. आणि पन्नाशीत त्याला उच्च रक्तदाब होता, सांधे धरले होते, आणि पोटातला अल्सर इतका बळावला होता की शस्त्रक्रिया करावी लागली.

जेम्सना अमेरिकेतली ती दंतकथा आठवली नसती तर नवल. जॉन हेन्री नावाचा कृष्णवर्णीय खडकफोड्या वाफेच्या यंत्राशी पैज लावतो, हातोडा चालवून जिंकतो, आणि जिंकल्या जागी कोसळून मरतो. नावसुद्धा तेच. जेम्सनी या वृत्तीला 'जॉन हेन्रीइझम' नाव दिलं आणि 12 विधानांची मोजपट्टी केली. कमी साधनं आणि जिद्द प्रचंड, असा जोड ज्यांच्यात होता त्यांच्यात त्यांना रक्तदाब जास्त आढळला. ज्यांच्याकडे शिक्षण, पैसा, बरी नोकरी होती त्यांना तीच जिद्द तशी बाधत नव्हती. पुढच्या प्रत्येक अभ्यासात हेच निघालं असं नाही, निकाल संमिश्र आहेत, आणि ते तू प्रामाणिकपणे लिही. पण प्रश्न त्यांनी कायमचा उभा केला. जिद्द तीच असेल, पण हाताशी काही असेल तर ती माणसाला पुढे नेते आणि काहीच नसेल तर शरीरातूनच वसूल होते.

यालाच जोडून अर्लीन जेरोनिमस यांचं काम वाच. 'वेदरिंग' हा त्यांचा सिद्धांत 1992 पासूनचा आहे, त्याच नावाचं पुस्तक 2023 मध्ये आलं. अपमान, असुरक्षितता, पैशाची ओढाताण आणि त्या सगळ्याशी सतत झुंजणं यानं शरीर वयाच्या आधी झिजतं, असं त्या मांडतात. 2006 मध्ये त्यांनी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल अशा खुणा एकत्र मोजून दाखवलं की कृष्णवर्णीयांत ही झीज गोऱ्यांपेक्षा जास्त आहे, कृष्णवर्णीय स्त्रियांत सर्वांत जास्त, आणि गरीब नसलेल्यांतही ती उरते. शेरिल वुड्स-गिस्कोम्बे यांचा 2010चा लेखही वाच. कणखर राहायचं, मन दाबून ठेवायचं, मदत मागायची नाही, आधी सगळ्यांचं करायचं, या अपेक्षेखाली कृष्णवर्णीय बायका कशा जगतात ते त्यांनी त्या बायकांशीच बोलून मांडलं. वाचताना तुला आई आठवेल. मला आठवली.

म्हणून किंमत विचार असं मी म्हणते. आणि आधार विचारतानाही नुसतं 'मुलं जवळ आहेत का' यावर थांबू नकोस. 1935 चा सोशल सिक्युरिटी कायदा झाला तेव्हा शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले गेले होते. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कामगारांतले बहुतेक याच कामांत होते. 1950च्या दशकात त्यांना टप्प्याटप्प्यानं आत घेतलं. आज नव्वदीत असलेल्या कितीतरी बायकांच्या आईवडिलांना म्हातारपणी पेन्शनचा आधार नव्हता, तो भार या मुलींच्या कमाईवर पडला. असा एक कायदा दोन पिढ्यांच्या म्हातारपणात शिरतो. तो तुझ्या प्रश्नावलीत कुठे आहे?

एक सापळा सांगून ठेवते. वयाच्या अगदी वरच्या टोकाला, ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढे, कृष्णवर्णीयांचा मृत्युदर गोऱ्यांपेक्षा कमी दिसू लागतो. कोणीतरी तुला म्हणेल, बघ, कष्टांनी माणसं काटक झाली. घाईनं मान डोलावू नकोस. जे लवकर गेले ते तुला मुलाखत द्यायला आलेले नाहीत. उरलेले मुळातच दणकट असू शकतात. शिवाय जुन्या दक्षिणेत अनेकांच्या जन्माच्या नोंदीच नव्हत्या. 1990च्या दशकात संशोधकांनी जुन्या जनगणनांशी वय ताडून पाहिलं तेव्हा कागदावरची वयं बरीच चुकलेली निघाली. नव्वदीतल्या आजीसमोर बसशील तेव्हा तिच्या भावंडांबद्दल अवश्य विचार. किती होती, कोण कधी गेलं. तिच्या चिवटपणाच्या कहाणीत ते गेलेलेही आहेत.

लॅटिनो समाजाचं कोडं तुला ठाऊकच आहे. उत्पन्न कमी, विमा कमी, आणि आयुर्मान गोऱ्यांपेक्षा जास्त. मार्कायडिस आणि कोरेल यांनी 1986 मध्ये ते प्रथम मांडलं. 2019 मध्ये अमेरिकेतल्या हिस्पॅनिकांचं आयुर्मान 81.9 वर्षं होतं, गोऱ्यांचं 78.8. स्थलांतर करणारे मुळात निरोगी असतात, धूम्रपान कमी, घरात माणसं जास्त, अशी कारणं दिली जायची. मग कोविड आला आणि 2020 च्या एका वर्षात हिस्पॅनिकांचा आकडा 77.9 वर उतरला, गोऱ्यांचा 77.4 वर. चार वर्षं गेली गं, एका वर्षात. घरून करता येणार नाहीत अशी कामं, विम्याचा अभाव आणि तीन पिढ्यांचं एकत्र घर. ज्या एकत्र घराला सगळे आधार म्हणत होते त्याच घरात संसर्ग आजीआजोबांपर्यंत पोचला. घर तेच, माणसं तीच. आधार केव्हा आधार ठरतो हे त्याभोवती काय चाललं आहे त्यावर ठरतं, आणि एकदाच मोजमाप घेऊन ते कधीच कळणार नाही. म्हणून म्हणते, तुझ्या हातात वेळ कमी असेल तर मिशिगन विद्यापीठाच्या हेल्थ अँड रिटायरमेंट स्टडीची माहिती घे. 1992 पासून दर दोन वर्षांनी पन्नाशी ओलांडलेल्या हजारो माणसांना ते पुन्हा पुन्हा भेटतात, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोक मुद्दाम जास्त घेतलेले आहेत. आघाताच्या आधीचा माणूस आणि नंतरचा माणूस, दोन्ही तुला तिथे मिळतील. त्याच्या जोडीला तुझ्या मुलाखती थोड्या असल्या तरी चालतील.

आता 'हिस्पॅनिक' आणि 'आशियाई' या दोन रकान्यांबद्दल. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण सहा पातेली चुलीवर असताना एका शितानं नाही होत. ब्रॉन्क्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगो इथल्या 16,000 हून अधिक लॅटिनोंचा मोठा अभ्यास 2008 मध्ये सुरू झाला. त्यात क्यूबन, डॉमिनिकन, मेक्सिकन, पोर्तो रिकन, मध्य आणि दक्षिण अमेरिकी असे गट वेगळे ठेवले. दम्यासारखा साधा आजार घेतला तरी पोर्तो रिकन लोकांत तो इतरांपेक्षा कितीतरी जास्त निघाला. सरसकट एक आकडा काढला असता तर हे कोणाला दिसलं असतं?

आशियाईंचं तर विचारूच नकोस. 1942 मध्ये स्वतःच्याच देशाच्या सरकारनं छावण्यांत डांबलेल्या सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या लोकांतली आजी, युद्धातून होडीनं निसटलेले व्हिएतनामी आजोबा, आणि 1965 मध्ये स्थलांतराचा कायदा बदलल्यावर डिग्री घेऊन आलेले आपले डॉक्टर-इंजिनिअर, हे सगळे एका रकान्यात! जपानी कुटुंबांत छावणीबद्दल कितीतरी वर्षं कोणी बोललंच नाही. डॉना नगाटा यांनी पुढच्या पिढीला विचारलं तेव्हा ते मौन किती खोल गेलं आहे ते समोर आलं. 1988 मध्ये सरकारनं माफी मागितली, हयात असलेल्यांना प्रत्येकी 20,000 डॉलर दिले. तुझ्या कागदावर शांत, समाधानी, तक्रार न करणारी म्हणून जिची नोंद होईल ती आजी कदाचित आयुष्यभर गप्प राहायला शिकलेली असेल. शांतपणाला लगेच गुण देऊ नकोस.

आणि आपल्या माणसांचं सांगते, कारण तू न्यू जर्सीत मराठी घरांतूनच मुलाखती सुरू करणार आहेस. मसाला नावाचा अभ्यास तू वाचला आहेस, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचे आणि शिकागोचे दक्षिण आशियाई, 2010 पासून. पहिल्या फेरीत 906 जण होते. हृदयविकार आणि मधुमेहाबद्दल त्यानं मोलाचं सांगितलं. पण मराठी घरात शिरताना दोन म्हातारपणं वेगळी ठेव. एक 1970च्या दशकात स्वतः आलेल्यांचं. त्यांचं घर आहे, पेन्शन आहे, मराठी मंडळात चाळीस वर्षांची ओळख आहे, गाडी चालवता येते. दुसरं आत्यासारख्यांचं, मुलानं बोलावलं म्हणून पासष्टीत आलेल्यांचं. मेडिकेअरचा पहिला भाग विनाहप्ता मिळायला साधारण दहा वर्षांची अमेरिकेतली नोकरी लागते, स्वतःची किंवा जोडीदाराची. ती नसेल तर ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं राहिल्यावर पैसे भरून घ्यायची सोय. तोवर प्रत्येक दुखण्याला मुलाच्या खिशाकडे बघायचं. आत्या गुडघ्याचं दुखणं का लपवते असं तुला वाटतं? तिथे सोसण्याचा गुण शोधू नकोस, विम्याचा कागद विचार. आणि तिला सुनेसमोर काही विचारू नकोस. स्वयंपाकघरात भाजी निवडायला बस तिच्याबरोबर, रेकॉर्डर चालू आहे हे तिला नीट सांगून.

बायका आणि पुरुष हा रकाना सगळ्यांना सोपा वाटतो. बाल्टिमोरचा वार्धक्याचा दीर्घ अभ्यास 1958 मध्ये सुरू झाला, या देशातला मानाचा अभ्यास, आणि 1978 पर्यंत त्यात फक्त पुरुष होते. वीस वर्षं माणसाचं म्हातारपण म्हणजे पुरुषाचं म्हातारपण. सरकारी संशोधनात स्त्रिया आणि अल्पसंख्य समाज घ्यायलाच हवेत असा कायदा 1993 मध्ये झाला. बायका जास्त जगतात, पण अधू होऊन, एकट्या, कमी पैशांत जास्त वर्षं काढतात. जगण्याची वर्षं मोजून बाईला चिवट म्हणणाऱ्यांना तू ही दुसरी बाजू दाखव.

समलिंगी आणि ट्रान्स ज्येष्ठांना तू 'इतर' मध्ये टाकलं आहेस. ते तिथून काढ, ही माझी कळकळीची विनंती आहे. वॉशिंग्टन विद्यापीठात कॅरन फ्रेड्रिक्सन-गोल्डसन यांनी 'एजिंग विथ प्राइड' हा अभ्यास उभा केला, 50 ते 99 वयाचे 2,450 जण त्यात आहेत. यांतल्या ज्येष्ठांचं तारुण्य गेलं तेव्हा अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुस्तकात त्यांचं प्रेम हा आजार होता. तो 1973 मध्ये काढला. मग एड्सच्या साथीत त्यांनी आपल्याच वयाच्या जिवलगांना खांदा दिला. मूलबाळ नसलेले, एकटे राहणारे त्यांच्यात जास्त, पण मित्रांनी मित्रांना सांभाळायची जाळी त्यांनी स्वतः विणली. तुझा प्रश्न 'तुमची मुलं किती अंतरावर राहतात' असा आहे. त्यांना तो विचारलास की मुलाखत तिथेच संपेल. 'रात्री दोनला पडलात तर पहिला फोन कोणाला कराल' असं विचार. हा प्रश्न आत्यालाही चालतो, अलास्कातल्या आजोबांनाही चालतो.

आता लोकांपर्यंत पोचायचं कसं. अलाबामातल्या मेकन काउंटीत 1932 पासून 1972 पर्यंत 600 कृष्णवर्णीय पुरुषांवर चाललेला टस्कीगीचा प्रकार तुला माहीत आहे. त्यांतल्या 399 जणांना सिफिलिस होता. पेनिसिलिन मिळू लागल्यावरही त्यांना ते दिलं नाही, आजार कसा वाढतो ते बघत बसले. तुझ्यासमोर बसणाऱ्या ऐंशीच्या आजोबांना हे इतिहासाच्या पुस्तकातून कळलेलं नसतं. बातमी फुटली तेव्हा ते ऐन पंचविशी-तिशीत होते. त्यांनी संमतीपत्र हळूहळू वाचलं, पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले, तर घड्याळाकडे बघू नकोस.

मला स्वतःला ज्यांच्या कामानं दिशा दिली ते मिशिगनचे जेम्स जॅक्सन. 2020 मध्ये ते गेले. त्यांनी 1979-80 मध्ये देशभरातल्या 2,107 कृष्णवर्णीय प्रौढांचं सर्वेक्षण केलं. तोवर कृष्णवर्णीयांना अभ्यासात घ्यायचे ते बहुतेक गोऱ्यांशी ताडून बघायला. जॅक्सन म्हणाले, आधी या समाजाच्या आतलं वेगळेपण बघू या. शहरातले, खेड्यातले, शिकलेले, न शिकलेले, चर्चला जाणारे, न जाणारे. मुलाखती घेणारेही कृष्णवर्णीय, त्यासाठी खास शिकवून तयार केलेले. तुझ्या तिसऱ्या पानावरच्या तक्त्याला मी विरोध करते आहे तो याच शिकवणीतून. एकाच समाजात, सारखंच ओझं वाहिलेल्यांत, कोण सावरलं आणि कशाच्या बळावर, ही तुलना आधी कर. त्यातून जे हाती लागेल ते कोणाला तरी उपयोगी पडेल. कृष्णवर्णीय गोऱ्यांपेक्षा दोन गुणांनी वर आहेत, या वाक्याचं कोणी काय करणार?

डेट्रॉइटमध्ये वेन स्टेट आणि मिशिगन विद्यापीठ मिळून कृष्णवर्णीय ज्येष्ठांसाठी एक केंद्र चालवतात, हेल्दियर ब्लॅक एल्डर्स सेंटर. जेवण आणि आरोग्याची माहिती असे कार्यक्रम ते नेमानं करतात. समाजातल्या ज्येष्ठांचं सल्लागार मंडळ आहे, कुठला संशोधक त्यांच्यात येऊ द्यायचा यावर ते बोलतात. अभ्यासासाठी नावं देणारे स्वयंसेवक त्यातूनच मिळतात, कारण ही माणसं आधी वर्षानुवर्षं काहीतरी घेऊन येतात आणि मग मागतात. तुझ्याकडे एवढा वेळ नाही, मान्य. पण मराठी मंडळाच्या ज्येष्ठ गटात, एखाद्या चर्चच्या तळघरातल्या जेवणाला, मुलाखतीचं नाव न काढता आधी काही वेळा जाऊन ये. खुर्च्या मांड, चहा दे. निष्कर्ष निघाले की तिथेच परत जाऊन त्यांच्या भाषेत सांग, त्याची तारीख प्रस्तावातच लिही.

आणि पैसे. तू सहभागींना मानधन ठेवलं आहेस, छान केलंस, पण दुभाष्यांना काहीच नाही. 'विद्यार्थी मदत करतील' असं लिहिलं आहेस. स्पॅनिश किंवा व्हिएतनामी आजीचं दुःख तिच्याच नातवाकडून भाषांतर करून घ्यायचं नाही. ती त्याच्यासमोर बोलणार नाही, आणि बोलली तर ते त्या पोराला पेलणार नाही. शिकवलेले दुभाषे घे, मुलाखतीनंतर त्यांच्याशीही बस, तेही ऐकून थकतात. त्यासाठी प्रवासाच्या रकमेतून काप, एका परिषदेला नाही गेलीस तर चालेल. नव्वदीतली माणसं तासभर बसू शकत नाहीत, दोन बैठकी धर, म्हणजे तो खर्चही दुप्पट. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी मोठ्या अक्षरातली प्रश्नावली छापून ने.

तिसरं पान नव्यानं लिही आणि बजेटचं पान त्याच्यासोबतच मला पाठव. गुरुवारी संध्याकाळी मी मोकळी आहे, दोन्ही समोर ठेवून बोलू. तोवर आत्याला फोन कर. अभ्यासाचं काही बोलू नकोस, गुडघ्याचं विचार, आणि डॉक्टरकडे शेवटचं कधी गेली होती तेही.